हातगाडीवर न येणारं द्राक्ष

फेब्रुवारी लागला की पनवेलच्या बाजारात द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात. लांबट थॉमसन, पिवळसर सोनाका, काळी शरद. ‘नाशिकचा माल’ एवढं सांगितलं की गिऱ्हाईक पुढे फार विचारत नाही. त्याच दिवसांत पनवेलहून नाशिकच्या वाइनरी पाहायला सहलीच्या बसही निघतात. पहाटे निघायचं, एखादा बाजार पाहायचा, बागेत फिरायचं, वाइनरीतल्या टाक्या बघायच्या आणि रात्री घरी परतायचं. बागेत शिरल्यावर कुणीतरी वेलीवरचा मणी तोंडात टाकतो आणि थबकतो. मणी बारीक, साल जाड, आत दोन-तीन बिया. गोडी मात्र घरी आणलेल्या द्राक्षापेक्षा जास्त.

इतकं गोड द्राक्ष हातगाडीवर कधीच का येत नाही? आणि वाइन ही थंड देशांची गोष्ट असताना तिची बाग पालखेड आणि गंगापूर धरणांच्या पाण्यावर, उन्हाळ्यात चाळीस अंश तापणाऱ्या मुलखात कशी उभी राहिली? या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडत नाहीत. त्यातलं थोडं घाटात आहे, थोडं वेलीवर, थोडं टाकीत आणि बरंचसं बाजार समितीच्या आवारात. म्हणूनच वाइनरी आणि बाजार एकाच दिवशी पाहण्यात अर्थ आहे.

घाट चढला की पाऊस आटतो

पनवेल ते नाशिक हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा, भिवंडी असं करत बस मुंबई-आग्रा महामार्गाला लागते आणि कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून भिवंडीजवळ आमण्याला समृद्धीवर चढून, बोगद्यातून घाट पार करून थेट इगतपुरीला उतरता येतं.

रस्ता कोणताही घेतला तरी खिडकीबाहेर पिकं बदलताना दिसतात. पनवेल, शहापूर या पट्ट्यात भाताची खाचरं आहेत. इगतपुरी, घोटीपर्यंतही भात सोबत करतो. नाशिक ओलांडून पिंपळगाव, निफाडकडे निघालं की भात संपतो आणि द्राक्ष, टोमॅटो, कांदा सुरू होतो. हा बदल घडवतो पाऊस.

अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर गेली की थंड होते, आणि थंड हवेत बाष्प मावत नाही, म्हणून ते तिथेच पाऊस होऊन कोसळतं. पनवेलला आणि इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो याच कारणाने. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारी हवा पुन्हा तापते, कोरडी होते. नाशिक शहरात पाऊस साधारण सातशे मिलिमीटरवर येतो आणि निफाडला पाचशेच्या घरात. डोंगराच्या या बाजूला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. काही तासांच्या प्रवासात पाऊस सहापट कमी होतो.

द्राक्षाला हाच कोरडेपणा लागतो. पानं आणि घड ओले राहिले की केवडा हा बुरशीजन्य रोग बाग बसवतो. केवड्यावर नाशिकचे बागायतदार मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. ते फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्याच मुलखात, १८८० च्या दशकात याच रोगावर शोधलं गेलं. म्हणजे रोग दोन्हीकडे सारखाच. फरक इतकाच की नाशिकला पावसाचे चार महिने ठरलेले आहेत आणि उरलेले आठ महिने बहुधा कोरडे. त्या कोरड्या काळात पाणी धरणांतून आणि विहिरींतून ठिबकने द्यायचं, म्हणजे वेलीला मुळाशी पाणी मिळतं आणि पानं कोरडी राहतात.

वेल झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या

युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेलीची पानं गळतात आणि ती काही महिने सुप्त राहते. वसंतात जागी होते, उन्हाळ्यात मणी भरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. तिथे छाटणी वर्षातून एकदाच.

नाशिकच्या वेलीला असा हिवाळा मिळत नाही. तिला मोकळं सोडलं तर ती वर्षभर वाढत राहील, पानंच पानं करील आणि घड कधी धरील याचा भरवसा उरणार नाही. शिवाय युरोपच्या वेळापत्रकाने चाललं तर मणी ऐन पावसाळ्यात पिकतील आणि वेलीवरच कुजतील. त्यामुळे महाराष्ट्रात वेलीचं वर्ष माणूस ठरवतो, आणि तेही कात्रीने.

एप्रिलमध्ये पहिली छाटणी होते. शेतकरी तिला खरड छाटणी म्हणतात. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवरच्या, जुन्या काड्या खरडून काढतात. नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या लख्ख उजेडात वाढतात. या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात, पण बाहेर काहीच दिसत नाही. या काळात आभाळ भरून राहिलं तर डोळ्यात घड धरतच नाही, आणि त्याचा पत्ता लागतो थेट हिवाळ्यात. ‘घड जिरले’ ही बागायतदाराची तक्रार ऑक्टोबरनंतर ऐकू येते, पण तिचं मूळ बऱ्याचदा मे-जूनच्या ढगाळ दिवसांत असतं.

पावसाळ्यात काड्या पक्व होतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी, तिला गोडी छाटणी म्हणतात. काडी चार-सहा डोळ्यांवर किंवा जातीप्रमाणे कमी-जास्त राखतात आणि राखलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड नावाचं रसायन लावतात. त्याने सगळे डोळे एकाच वेळी फुटतात. थंडीने जे काम युरोपात होतं ते इथे या रसायनाने होतं. तिथून साधारण चार महिन्यांत घड तोडणीला येतात.

म्हणून नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. फ्रान्सही उत्तर गोलार्धात आणि नाशिकही, पण तिथल्या वेली उघड्या-बोडक्या उभ्या असतात तेव्हा इथल्या वेली घडांनी लगडलेल्या असतात.

याचा आणखी एक लाभ आहे. मणी पिकण्याचे दिवस नाशिकच्या थंडीत येतात. दिवसा पारा पंचवीस-तीस अंशांवर असतो आणि रात्री पुष्कळदा दहाच्या आसपास उतरतो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत येतं, ते राज्यातल्या नीचांकी आकड्यांत असतं म्हणून. दिवसाच्या उन्हात पानं साखर तयार करतात. रात्र उबदार असेल तर मण्यातलं आम्ल श्वसनात जळून जातं. रात्र गार असेल तर ते टिकतं. खाण्याच्या द्राक्षात आम्ल थोडं कमी-जास्त झालं तर चालतं, पण वाइनला तरतरी आम्लानेच येते. मार्च तापू लागला की आम्ल भराभर उतरतं, त्यामुळे वाइनरीत तोडणीची घाई सुरू होते. तोडणी शक्यतो पहाटे उरकतात, म्हणजे घड गार असतानाच क्रेट आत पोहोचतात.

खाण्याचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष

दोन्ही एकाच वनस्पतीच्या जाती. खुंटही बऱ्याचदा सारखाच, डॉगरिज किंवा तत्सम अमेरिकी जातीचा, कारण त्याची मुळं पाण्याचा ताण आणि खारी जमीन सोसतात. वर कलम कशाचं बांधलं आहे, यावर मात्र पुढचं सगळं ठरतं.

थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, शरद या खाण्याच्या जाती. यांतली तास-ए-गणेश सांगलीच्या तासगाव भागातल्या आणि सोनाका सोलापूरच्या नान्नजमधल्या शेतकऱ्यांनी आपल्याच बागेतली वेगळी काडी हेरून पुढे आणली. गिऱ्हाइकाला मोठा, बिनबियांचा, करकरीत मणी हवा असतो. त्यासाठी शेतकरी घडातले मणी विरळ करतो, घड जिबरेलिक आम्लाच्या म्हणजे ‘जीए’च्या द्रावणात बुडवतो आणि मणी फुगवतो. वेली मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर चढवतात, घड सावलीत लोंबतात आणि साल कोवळी राहते.

वाइनच्या जाती म्हणजे शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोविन्यों. यांच्या रांगा कमरे-छातीइतक्या उंचीच्या तारांवर सरळ उभ्या असतात, घडांना ऊन आणि वारा मिळावा म्हणून. इथे मणी फुगवत नाहीत, उलट बारीक ठेवतात. रंग, वास आणि तुरटपणा देणारे घटक मुख्यतः सालीत असतात. मण्याचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच गराच्या वाट्याला दुप्पट साल येते, इतकं हे गणित सरळ आहे. बियांचं ओझं कुणाला नसतं, कारण ते द्राक्ष कुणी चावून खाणार नसतं.

गोडीही वेगळ्या मापाने मोजतात. बागेत ब्रिक्समीटर नावाचं छोटं उपकरण असतं. रसाचा थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. खाण्याचं द्राक्ष सोळा-अठराला तोडलं तरी चालतं. वाइनचं साधारण बावीस-चोवीसपर्यंत थांबवतात, कारण त्यातल्या साखरेचं पुढे मद्यार्क व्हायचं असतं.

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. जाड सालीचं, बियांचं, बारीक मण्यांचं द्राक्ष हातगाडीवर कुणी घेणार नाही. उरलेलं अर्धं उत्तर पैशाच्या व्यवहारात आहे.

टाकीत काय घडतं

वाइनरीत आलेल्या घडांचे आधी देठ काढतात आणि मणी फोडतात. पांढऱ्या वाइनसाठी लगेच दाबून फक्त रस घेतात. लाल वाइनसाठी साल, बिया आणि रस एकत्रच टाकीत जातात, कारण जवळजवळ सगळ्या काळ्या द्राक्षांचाही रस रंगहीन असतो आणि रंग सालीतून उतरावा लागतो. साल काही तासच ठेवली तर गुलाबी रोझे होते.

पुढचं काम यीस्टचं. ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. एक लिटर रसातली सुमारे सतरा ग्रॅम साखर संपली की मद्यार्क एक टक्क्याने वाढतो. बावीस ब्रिक्सच्या रसापासून तेरा टक्क्यांच्या आसपासची वाइन होते, ती या हिशेबाने. साखर पूर्ण संपली तर वाइन ‘ड्राय’, थोडी राखली तर गोडसर.

या कामात तापमान सांभाळणं फार महत्त्वाचं. इडलीचं पीठ थंडीत रात्रभर ठेवूनही फुगत नाही आणि मे महिन्यात दुपारपर्यंत आंबट-ढाण होतं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पिठातले जिवाणू वेगळे, पण नियम तोच: उष्णता वाढली की आंबणं वेगाने होतं आणि वेगात चव बिघडते. पांढऱ्या वाइनमधला फळांचा वास हलका असतो, तो उष्णतेत वायूबरोबर उडून जातो. म्हणून तिची टाकी पंधरा अंशांच्या आसपास ठेवतात आणि आंबवणं दोन-तीन आठवडे चालू देतात. लाल वाइन पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर आंबवतात, कारण सालीतून रंग आणि तुरटपणा निघायला ऊब लागते.

नाशिकच्या वाइनरीत दिसणाऱ्या चकचकीत पोलादी टाक्यांना दुहेरी भिंत असते आणि त्या भिंतीतून थंड द्रव फिरतो. आंबवण्यातून स्वतःची उष्णता निघत असते, ती ओढून घ्यावीच लागते. टाक्या थंड ठेवण्याची ही सोय नसती, तर गरम देशात वाइनचा धंदा उभा राहणं अवघड होतं.

नारायणगाव, गंगापूर आणि विंचूर

नाशिकला खाण्याचं द्राक्ष जुनं आहे. ओझरला १९२५ च्या सुमारास बाग लावणारे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांच्यापासून ही परंपरा सांगितली जाते. वाइन मात्र उशिरा आली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फेसाळ वाइन तयार करून परदेशात पाठवली. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँची लागवड केली. सुला या नावाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये तिथेच लोकांना चव घेण्यासाठी दालन उघडलं. आज ज्याला वाइन पर्यटन म्हणतात, त्याची नाशिकमधली सुरुवात तिथून झाली.

२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, वाइनला करसवलती दिल्या आणि निफाड तालुक्यात विंचूरला, तसंच सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारले. वाइनरी भराभर वाढल्या आणि शेकडो शेतकऱ्यांनी थॉमसन उपटून वाइनच्या जाती लावल्या.

मग २००८ उजाडलं. जागतिक मंदी आणि त्याच वर्षी मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांनी हॉटेल आणि पर्यटनाचा धंदा बसला. वाइनला उठाव राहिला नाही, वाइनरींनी द्राक्षं घेणं कमी केलं, काहींनी पैसे थकवले. इंडेजचा डोलारा पुढच्या दोन-तीन वर्षांत कोसळला. इथे वाइनच्या द्राक्षाची खरी मेख उघडी पडली. कांदा एका व्यापाऱ्याने नाकारला तर दुसरा घेतो. हातगाडीवरचं द्राक्ष उरलं तर त्याचा बेदाणा होतो. शिराझ मात्र वाइनरीशिवाय कुणालाच नको असतं. कित्येकांनी त्या बागा तोडल्या किंवा वर पुन्हा खाण्याच्या जातीचं कलम बांधलं.

त्या धड्यानंतर हा व्यवहार करारावर घट्ट बसला. लागवडीआधीच वाइनरी आणि शेतकरी यांच्यात अनेक वर्षांचा करार होतो. जात, ब्रिक्स, दर, तोडणीचा दिवस, सगळं त्यात येतं. दर फार चढत नाही आणि फार पडतही नाही. म्हणूनच ते द्राक्ष पनवेलला येत नाही: मणी धरण्याआधीच ते विकलं गेलेलं असतं.

लिलावाची रांग

कराराच्या अगदी उलट टोक पाहायचं तर सकाळी नाशिकच्या पुढे बाजार समितीत जावं. मुंबई-आग्रा महामार्गावरचं पिंपळगाव बसवंत नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे आणि कांदा, टोमॅटो दोन्हींसाठी मोठं आहे. लासलगाव आणखी पूर्वेला. तिथली बाजार समिती १९४७ ची, आणि कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिची ओळख आहे.

कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने लागतात. समितीचा माणूस, व्यापाऱ्यांचा घोळका आणि शेतकरी एकेका ट्रॉलीपाशी थांबतात. व्यापारी मूठभर कांदा उचलतो, दाबतो, साल पाहतो. आकार एकसारखा आहे का, जोड कांदा किती, गोल्टी म्हणजे बारीक माल किती, कोंब फुटलाय का, ओल आहे का. क्विंटलचा आकडा पुकारला जातो, चढत जातो आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबतो. शेतकऱ्याला मान्य असेल तर सौदापट्टी फाडतात, ट्रॉली भुईकाट्यावर जाते, वजन होतं आणि माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. तिथे प्रतवारी, गोण्या, आणि मग ट्रक किंवा रेल्वे. शेजारच्या दोन ट्रॉल्यांच्या दरात शेकड्यांचा फरक पडतो, तो या अर्ध्या मिनिटाच्या पाहणीने.

पूर्वी या व्यवहारातली आडत, म्हणजे मध्यस्थाचं कमिशन, शेतकऱ्याच्या रकमेतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाल्याच्या बाबतीत ती खरेदीदाराकडून घ्यायची असा बदल केला.

दर एवढा चंचल का, याचं एक कारण कांद्याच्या हंगामांत आहे. खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागचा रांगडा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पाच-सहा महिने राहतो आणि देश पावसाळाभर तोच खातो. चाळीत किती उरलाय आणि नवा लाल कांदा कधी येणार, या अंदाजावर बोली हलते. दुसरं कारण दिल्लीत आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ रोजी उठवली. बंदी आली तेव्हा शेतात उभ्या असलेल्या पिकाचा खर्च आधीच झालेला होता.

लासलगावला आणखी एक जागा पनवेलकरांच्या जवळची आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये इथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केलं. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी कांद्याची कोंब फुटण्याची क्षमता थांबते. आंब्याच्या कोयीत लपलेली कीडही याच किरणांनी निकामी होते. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं तेव्हा कोकणचा हापूस घाट चढून लासलगावला जायचा, किरणांखालून निघायचा आणि मग विमान गाठायचा. नंतर वाशीतच तशी सोय झाली.

बागेवरचा सौदा आणि पनवेलची वाट

खाण्याच्या द्राक्षाचा व्यवहार करार आणि लिलाव यांच्या मधला आहे. व्यापारी किंवा निर्यातदार थेट बागेत येतो, घड पाहतो, ब्रिक्स मोजतो आणि वेलीवरच्या मालाचा किलोचा दर ठरवतो. अवकाळी पावसाचा अंदाज आला की दर लगेच खाली येतो, कारण पाण्याने मणी तडकतात आणि तडकलेला घड दुसऱ्या दिवशी कुजू लागतो. दर तोंडी, पैसे अनेकदा उधार. माल नेऊन पैसे न देता पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी नाशिक जिल्ह्यात हंगामागून हंगाम होत आल्या आहेत.

निर्यातीची शिस्त वेगळी. घड तोडल्यावर काही तासांत शीतगृहात शून्य अंशाच्या जवळ आणतात, खोक्यात भरतात आणि वातानुकूलित कंटेनरमध्ये चढवतात. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या मालात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेबाहेर सापडला आणि मोठं नुकसान झालं. तेव्हापासून प्रत्येक बागेच्या मालाचा माग काढणारी, अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ नोंदणी आणि प्रयोगशाळेचा दाखला यांचं वजन वाढलं. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी या निर्यातीत आज आघाडीवर आहे.

हे कंटेनर जातात न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे, म्हणजे पनवेलच्या शेजारी उरणला. सहलीची बस ज्या रस्त्याने पहाटे नाशिककडे निघते, त्याच पट्ट्यातून हंगामात नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमच्या बोटीकडे येत असतात. हातगाडीवरचा माल देशांतर्गत बाजाराचा. त्यातला मोठा भाग तुर्भ्याच्या घाऊक फळबाजारातून पनवेलला येतो.

तीन माल, तीन रीती. वाइनच्या द्राक्षाची किंमत पीक येण्याआधी ठरते, खाण्याच्या द्राक्षाची वेलीवर, कांद्याची काढणीनंतर रांगेत. किंमत जितकी उशिरा ठरते, तितका जास्त धोका शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. लवकर ठरली तर धोका कमी, पण वाइनरी अडचणीत आली तर दुसरं दार नाही, हे २००८ ने दाखवून दिलं. वाइनरीच्या दालनात पेला हातात घेऊन हे कळत नाही. सकाळी लिलाव पाहिलेला असेल तर कळतं.

थोडक्यात

• सह्याद्रीमुळे घाटापलीकडे पाऊस सहापट कमी होतो. हा कोरडेपणा द्राक्षाला मानवतो.
• एप्रिलची खरड छाटणी काडी आणि डोळ्यातला घड घडवते, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळ आणते. तोडणी जानेवारी ते मार्च.
• वाइनच्या द्राक्षात बारीक मणी, जाड साल आणि बावीस-चोवीस ब्रिक्स गोडी हवी असते, बिया चालतात.
• पांढरी वाइन थंड टाकीत रसापासून, लाल वाइन उबदार टाकीत सालीसकट आंबवतात. एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात.
• वाइनच्या द्राक्षाचा व्यवहार कराराने, कांद्याचा लिलावाने आणि खाण्याच्या द्राक्षाचा बागेवरच्या सौद्याने होतो.

सहल आखताना

जानेवारी ते मार्चमध्ये गेलं तर वेलीवर घड आणि वाइनरीत काम, दोन्ही पाहायला मिळतं. एका दिवसात परतायचं असेल तर पिंपळगाव बसवंत सोयीचं. लासलगाव आणि विंचूर जोडून पाहायचं तर नाशिकला एक मुक्काम करावा. संध्याकाळी वेळ उरला तर नाशिकच्या भांडीबाजारात तांब्या-पितळेची भांडी आणि वाटेत चिवडा घेता येतो. बुधवार असेल तर गोदाघाटावरचा आठवडे बाजारही भरलेला असतो.

राज्यात वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची आहे. रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, त्यामुळे चव घेणाऱ्याने परतीच्या घाटात स्टिअरिंगला हात लावू नये. बस आणि वेगळा चालक हाच योग्य मार्ग.

राहिला वाराचा प्रश्न. बहुतेक सहली रविवारी निघतात आणि बाजार समितीत रविवारी सहसा लिलाव नसतो. म्हणजे वाइनरी गर्दीने फुललेली आणि बाजाराचं आवार रिकामं. शक्य असेल तर कामाच्या दिवसाची एक रजा टाकावी, समितीत लिलाव आहे की नाही हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं, आणि आधी बाजार, मग बाग, शेवटी वाइनरी असा क्रम ठेवावा.